खिळ्यावरचं भेंडोळं

टीव्हीच्या मागे लटकणाऱ्या जास्तीच्या वायरकडे आपण कधी नीट बघतो का? हावड्याच्या एका मराठी घरात तिनेच वेळ निभावून नेली.

‘अगं, त्या टीव्हीच्या मागे खिळ्याला केवढं तरी वायरचं भेंडोळं टांगलंय. ते काय शोभेला ठेवलंय का?’

मावशीचा हा प्रश्न मी हावड्याला पोचायच्या आधीच, गीतांजलीत बसलेली असताना फोनवर ऐकला होता. प्रश्न साधा, पण उत्तर मला देता आलं नाही. इंटरनेट कंपनीच्या माणसालाही देता आलं नव्हतं म्हणे. तो आपला एकच पाढा म्हणत होता. मशीन दुसऱ्या खोलीत हलवायचं तर खांबापासून नवी केबल ओढावी लागेल, चार-पाच दिवस लागतील, पैसे वेगळे पडतील.

मावशी आणि काका गेली चाळीसेक वर्षं शिबपूरला राहतात. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. बदली होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. ‘बर्गी आले’ म्हणून बंगाली आया पोरांना झोपवतात, त्याच गल्लीत आम्हा बर्ग्यांचं बस्तान, असा काकांचा ठेवणीतला विनोद होता. होता, असं म्हणायची वेळ आली, कारण गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बरेचसे सावरले, वाचा मात्र गेली. भद्रलोकांना लाजवील असं बंगाली बोलणारा हा माणूस. हिंदी, इंग्रजीही फर्डं. पण चार महिन्यांनी जे पहिले शब्द परत आले ते ‘पाणी’, ‘नको’ आणि ‘अगं’! डॉक्टरांनी सांगितलं, असं होऊ शकतं. अनेक भाषा येणाऱ्या माणसाला वाचाघातानंतर सगळ्या भाषा एकाच वेळी, सारख्याच परत मिळतील असं नसतं. जी येतेय तिचं बोट धरा.

आता हावड्यात मराठीतून वाचाउपचार करणारं कोण मिळणार? कोलकात्यात हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, सोन्या-चांदीची गलाई करणारी आपली सांगलीकडची कुटुंबं आहेत, पण स्पीच थेरपिस्ट काही सापडली नाही. शेवटी पुण्याच्या एका बाई तयार झाल्या. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अकरा वाजता, व्हिडिओवरून. या उपचारात रुग्णाने समोरच्याच्या ओठांची हालचाल बघायची असते. बाई ‘प’ म्हणताना ओठ मिटतात आणि आवाज अर्ध्या सेकंदाने येतो, असं झालं की संपलंच. काका वैतागून मान फिरवायचे.

आणि नेमकं तेच होत होतं. मशीन पुढच्या खोलीत, काकांचा पलंग मागच्या खोलीत. मध्ये जुन्या हावड्याच्या घरातल्या वीस-वीस इंची दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. वायफायची लहर बिचारी पलंगापर्यंत पोचेस्तोवर अर्धमेली व्हायची. भरीत भर म्हणजे पूजेनंतर मशीनवरचा लाल दिवाही अधूनमधून लागायला लागला होता.

रंगाऱ्याने केलेली आवराआवर

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या केबलवाल्याकडचा एक मुलगा आला. वीस-बावीस वर्षांचा. मावशीला ‘माशीमा’ म्हणणारा. (आपल्या ‘मावशी’च्या किती जवळ, नाही?) त्याने टीव्हीचं टेबल पुढे ओढलं आणि ते भेंडोळं बघून कपाळाला हात लावला.

मूळ जोडणी करणाऱ्याने काम नीट केलं होतं. जास्तीची केबल ताटाएवढ्या मोठ्या वेटोळ्यात सैल गुंडाळून ठेवली होती. पण दुर्गापूजेआधी घराला रंग काढला, तेव्हा रंगाऱ्याला ते वेटोळं गचाळ दिसलं. त्याने ते मधोमध मुडपलं, प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळलं आणि खिळ्याला टांगून दिलं. सतरंजीची गुंडाळी बांधावी तसं!

मुलाने मशीनमधला हिरवा प्लग काढून खिशातल्या मीटरला लावला. आकडा आला उणे २७. मग कात्रीने पट्टी कापली, वेटोळी हाताने मोकळी केली. केबल तीच, प्लग तोच, पण आकडा झाला उणे २१! हे आकडे डेसिबलचे. या मापात दर ३ आकड्यांना प्रकाश निम्मा होतो किंवा दुप्पट. म्हणजे ६ आकड्यांचा फरक याचा अर्थ, खांबावरून घरात येणाऱ्या प्रकाशातला चारातला तीन हिस्से त्या मुडपलेल्या वळणावरच गळून जात होता. अशी मशीनं साधारण उणे २७-२८ पर्यंत कसाबसा तग धरतात. लाल दिवा का लुकलुकत होता, ते आता कळलं.

पण प्रकाश वायरमधून गळतो म्हणजे काय?

बांगडीचं माप

आपण वायर म्हणतो, पण या केबलच्या आत तांबं नसतं. काचेचा एक तंतू असतो. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. त्याच्याही पोटात जेमतेम ९ मायक्रॉनचा गाभा असतो, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. प्रकाश धावतो तो या गाभ्यातून. गाभ्याची काच आणि भोवतालची काच यांच्यात किंचित फरक ठेवलेला असतो, त्यामुळे तिरका आलेला प्रकाश कडेवर आपटून पुन्हा आतच वळतो. वळत-वळत तो कित्येक किलोमीटर जातो. मात्र तंतू फार वाकवला की प्रकाश ज्या कोनात कडेला भिडायला हवा तो कोन चुकतो आणि प्रकाश बाहेर निसटतो. वळणावर वेगाने येणारी सायकल रस्त्याबाहेर जावी, तसंच.

किती वाकवलेलं चालतं? पूर्वापार वापरात असलेल्या तंतूसाठी वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी नको, असा दंडक आहे. घरांसाठी आता वाकणं सोसणारे नवे तंतू निघाले आहेत. ते १० मिलिमीटर, साडेसात, काही जातींचे तर ५ मिलिमीटरपर्यंतही निभावतात. पण आपल्या घरातला कुठला, हे गृहिणीने कसं ओळखायचं? त्यापेक्षा एक सोपं माप लक्षात ठेवा. २-६ मापाच्या बांगडीचा आतला व्यास साधारण ६० मिलिमीटर भरतो, म्हणजे त्रिज्या ३०. केबलचं कुठलंही वळण आपल्या बांगडीपेक्षा लहान दिसलं, तर समजा काहीतरी चुकतंय. ताटाएवढं वेटोळं असेल तर उत्तमच.

वाकवलेल्या काचेचं आणखी एक दुखणं असतं, ते लगेच दिसत नाही. ताणाखालच्या काचेला सूक्ष्म चिरा असतात. त्यांना ओल मिळाली की त्या वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहतात. आज फक्त प्रकाश गळतोय, तीन पावसाळ्यांनी तंतू तुटेल. हावड्याच्या ओल्या भिंतींचं काय सांगावं! मावशीच्या घरात तर अगरबत्तीसुद्धा नरम पडते.

काका ओरडले

आता केबल मागच्या खोलीपर्यंत न्यायची होती. मुलाने पावलांनी अंतर मोजलं, दाराच्या चौकटीवरून, कडेकडेने ११ मीटर. भेंडोळ्यात केबल होती सुमारे १४ मीटर. खांबापासून नवी ओढायची गरजच नव्हती. मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘शोभेला ठेवलंय का’ हा प्रश्न तिने कंपनीला उगाच विचारला नव्हता तर!

मुलाने भेंडोळं जमिनीवर आडवं ठेवलं आणि टोक धरून एकेक वेढा वर उचलत सोडायला सुरुवात केली. चार वेढे सुटले तोच केबलला पीळ पडायला लागला. पाचव्याला एक छोटी गाठ वळली. इतक्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. काका दारात खुर्चीवर बसले होते. लालबुंद झाले होते, डाव्या हाताने हवेत गोल-गोल काढत होते. ‘फि... फि... फिरव!’

मुलाला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण हात कळला. ‘ओ, लाटाइयेर मतो!’ तो हसला. लाटाई म्हणजे पतंगाची फिरकी. विश्वकर्मा पूजेला, म्हणजे १७ सप्टेंबरच्या सुमाराला, हावड्यात गच्च्यागच्च्यांवर पतंग उडतात, तेव्हा घराघरात लाटाई असतेच.

काकांचं म्हणणं काय होतं, ते रीळ असलेल्या कुणालाही ताडून बघता येईल. दोऱ्याचं रीळ उभं ठेवा आणि दोरा वरच्या बाजूने ओढा. प्रत्येक वेढ्यामागे दोऱ्याला एक पीळ बसतो. आता तेच रीळ सुईत ओवून फिरू द्या. दोरा सरळ येतो, पीळ शून्य. दोऱ्याला पिळाचं सोयरसुतक नसतं, पण काचेला असतं. पीळ साठत गेला की केबल गाठ मारून घेते आणि ती गाठ ओढली की खेळ खलास. रेल्वेत केबलचा लाकडी ड्रम दोन्ही बाजूंनी उचलून आसावर चढवतात आणि फिरवत केबल सोडतात. काकांनी आयुष्यभर हेच केलं होतं.

मावशीने मुडीचा मोठा गोल डबा रिकामा करून आणला. (मुडी म्हणजे आपले चुरमुरे. बंगाल्याच्या घरात त्याचा पिंपवजा डबा असतोच.) पडलेला पीळ मुलाने आधी उलटा फिरवून काढला, प्लगला टोपी घातली आणि भेंडोळं डब्यावर चढवलं. मग मी तो डबा आडवा धरून बोळातून गडगडवत नेला. खांबाकडची बाजू जागेवर राहिली आणि केबल मागे जाजम उलगडावं तशी पडत गेली. डबा नसता तर दुसरी युक्ती होती, केबल जमिनीवर इंग्रजी आठच्या आकारात पसरायची. आठाच्या एका पाकळीत बसलेला पीळ दुसरीत उलटा होऊन फिटतो. खलाशी आणि केबल टाकणारे मजूर जुन्या काळापासून हेच करत आले आहेत.

बागेत साठवलेलं अंतर

दुपारी टोटो करून मी बोटॅनिकल गार्डनला गेले. १७८७ साली रॉबर्ट किडने उभारलेली ही बाग शिबपूरलाच आहे. २००९ पासून तिला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं नाव आहे. लोक जातात तो प्रचंड वड बघायला. मला मात्र तिथली वेगळीच गोष्ट डोळ्यांपुढे आणायची होती.

१८३९ साली कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांना तारेतून संदेश लांबवर जातो का, हे पाहायचं होतं. लांब म्हणजे किती? मैलोगणती. पण मैलोगणती रान त्यांच्या ताब्यात कोण देणार? त्यांनी शक्कल लढवली. या बागेत बांबूंच्या ओळी रोवल्या आणि लोखंडी तार त्यांच्यावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी नेत राहिले. सुमारे २१ मैलांचं अंतर एका बागेत गुंडाळून ठेवलं! मंडलाचा एक भाग तर त्यांनी हुगळीच्या पाण्यातूनच पुरा केला. संदेश वाचायचा तो बोटांना बसणाऱ्या विजेच्या हलक्या झटक्यांवरून. पुढे १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर तारसेवा सुरू झाली ती याच माणसाच्या हातून, आणि तिथून वाढत गेलेलं तारेचं राज्य १४ जुलै २०१३ च्या रात्री भारतात बंद झालं.

गंमत म्हणजे आजच्या प्रयोगशाळाही ओशॉनेसींचीच युक्ती वापरतात. शंभर किलोमीटरवर प्रकाश कसा पोचेल हे बघायला कुणी शंभर किलोमीटर जात नाही. हातात धरता येईल एवढ्या रिळावर २५ किलोमीटर नुसता तंतू मावतो. अशी चार रिळं टेबलावर जोडली की झालं. कोलकात्यातच जादवपूरला केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था आहे, तिथे या तंतूंवर वर्षानुवर्षं काम चाललं आहे.

महाराष्ट्राचाही या काचेशी जुना संबंध आहे, हे आपल्यालाच फारसं ठाऊक नसतं. देशातली टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली. दिल्ली-मुंबईत नव्हे बरं का! काचेतून संदेश धाडता येतील हे चार्ल्स काव यांनी इंग्लंडात १९६६ मध्ये मांडलं, अमेरिकेत पुरेशी स्वच्छ काच १९७० मध्ये बनली आणि त्यानंतर नऊच वर्षांत पुण्यात ती जमिनीखालून धावू लागली. काव यांना नोबेल मिळालं २००९ मध्ये. त्यांच्या आधी काचतंतूंतून चित्र नेऊन दाखवणारे मोग्याचे नरिंदरसिंग कपानी मात्र त्या नोबेलपासून दूरच राहिले. त्यांना पद्मविभूषण मिळालं तेही मरणोत्तर, २०२१ मध्ये. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत आज हा तंतू तयार होतो. मावशीच्या भिंतीतला तिथलाच असेल की काय, कोण जाणे!

पेटीतली फिरकी

परदेशात या भेंडोळ्याच्या त्रासावर एक छान उपाय काढला आहे. भिंतीवरची पेटी हीच फिरकी असते. पेटीच्या आत चकतीवर बारीक केबल आधीच गुंडाळलेली येते. माणूस पेटी हातात धरून टोक ओढतो, चकती गरगर फिरते, पीळ पडत नाही. हवी तेवढी केबल बाहेर आली की चकती अडकवून टाकायची आणि पेटी भिंतीला ठोकायची. उरलेली केबल आतच, ठरल्या त्रिज्येच्या चकतीवर. कुणा रंगाऱ्याची तिला आवळायची टाप नाही!

यात एकच मेख आहे. चकती फिरते तेव्हा केबलचं आतलं टोकही तिच्याबरोबर फिरतं. ते मशीनला जोडलेलं असेल तर तुटलंच म्हणून समजा. म्हणून आधी सोडा, थांबवा, मग जोडा, हा क्रम चुकवता येत नाही. मावशीकडे मुडीच्या डब्याबरोबर प्लगही गोल-गोल फिरत होता, तो याच कारणाने.

आपल्याकडच्या साध्या पेट्यांत फिरकी नसते, पण आत गोल कडा असतात. उघडा तंतू त्या कडांवरून मीटरभर गुंडाळून ठेवायचा असतो. का? जोड बिघडला की टोक कापून नवा जोड द्यावा लागतो. दोन टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून काही सेकंदांत एकजीव होतात, पण प्रत्येक वेळी थोडा तंतू खर्ची पडतो. शिल्लक नसेल तर दोन इंचांसाठी खांबापासून सगळी केबल बदलायची पाळी येते. तेव्हा जोडणीला आलेला माणूस ‘बघा कसं टापटीप’ म्हणत केबल भिंतीलगत ताणून कापायला लागला, तर त्याला थांबवा. पेटीत मीटरभर तंतू आणि बाहेर आठ-दहा मीटर केबल राहू द्या, असं सांगा. नवं घर घेताना तर हे आधीच विचारलेलं बरं. इमारतींना अशा जोडणीच्या सोयीवरून मानांकन देण्याचे नियम ट्रायने २०२४ साली केले आहेत.

लहान मुलं असलेल्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. प्लगच्या टोकाकडे डोळा लावून बघायचं नाही. आतला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही. आणि जोड देताना काचेचे तुकडे उडतात ते चिकटपट्टीवर गोळा करून न्यायला लावा. कुसळासारखे पायात घुसतात आणि शोधून सापडत नाहीत. त्या मुलाने ते न सांगता एका बाटलीत भरले, हे मला आवडलं.

काकांच्या पलंगाजवळ मशीन लागलं तेव्हा सव्वादहा झाले होते. अकराला पुण्याच्या बाई पडद्यावर आल्या, ओठ आणि आवाज जोडीने. मावशीने त्यांना आधी डब्याची सगळी हकिकत सांगितली. बाईंनी वहीत ‘फिरव’ लिहून घेतलं, कारण ‘फ’ आणि ‘र’ एकाच शब्दात काकांना तोवर जमले नव्हते. त्या दिवशी पाऊण तासात तो शब्द आणखी दोनदा आला. तिसऱ्यांदा नाही आला.

तीन मीटर केबल उरली होती. ती मुलाने ताटाएवढ्या वेटोळ्यात सैल सोडली. प्लॅस्टिकची पट्टी मावशीने त्याच्या हातातून काढून घेतली आणि जुन्या साडीच्या फॉलची एक चिंधी बांधली, बोट आत जाईल इतकी ढिली. थंडीत पलंग खिडकीजवळ उन्हाला सरकवायचा तिचा विचार आहे. खिडकी तिथून किती लांब, ते ती काकांच्या काठीने मोजून बघत होती.